ऑफशोअर लीक्स डेटाबेस: फुकट, दमदार, पण निकाल त्याच्याकडून मागू नका

परदेशातल्या एखाद्या कंपनीची कुंडली काढायची असेल तर सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं की मी पहिलं नाव घेते ते आयसीआयजेच्या ऑफशोअर लीक्स डेटाबेसचं. आयसीआयजे म्हणजे शोधपत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना, ऑफिस वॉशिंग्टनला. साइट पूर्ण फुकट, लॉगिन नाही, मेंबरशिप नाही, २०१३ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून फुगतच गेलीय. माझं कामच नवे सप्लायर, एजंट, पार्टनर यांची पार्श्वभूमी तपासायचं, त्यामुळे हा टॅब ब्राउजरमध्ये कायम उघडा असतो. मराठीत या साइटचा नीट रिव्ह्यू माझ्या बघण्यात नाही म्हणून सविस्तर लिहितेय, आणि सोबत लागणाऱ्या एक-दोन अधिकृत याद्यांचंही सांगते, कारण एकट्या डेटाबेसवर काम भागत नाही, आणि जे भागतं असं समजतात ते गोत्यात येतात.

आत आहे काय? पाच मोठ्या लीक्समधली, म्हणजे फुटलेल्या गुप्त कागदांमधली माहिती: २०१३ चे ऑफशोअर लीक्स, २०१६ चे पनामा पेपर्स, त्याच वर्षीचे बहामाज लीक्स, २०१७ चे पॅराडाइज पेपर्स आणि २०२१ चे पँडोरा पेपर्स. सगळं मिळून ८ लाख १० हजारांच्या वर ऑफशोअर (म्हणजे मालकाच्या देशाबाहेर, बहुधा कर कमी आणि गुप्तता जास्त अशा ठिकाणी काढलेल्या) कंपन्या, ट्रस्ट आणि फाउंडेशन, आणि त्यांच्याशी जोडलेली माणसं दोनशेच्या वर देश-प्रदेशांतली. एकट्या पनामा पेपर्सचेच १ कोटी १५ लाख कागद होते, २.६ टेराबाइट, मोसॅक फोन्सेका नावाच्या पनामातल्या एकाच लॉ फर्मचे. ते मिळाले म्युनिकच्या एका वर्तमानपत्राला, ज्युडडॉइच त्साइटुंगला, आणि मला आजही या सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं की त्यांनी ते एकट्याने छापले नाहीत, आयसीआयजेकडे नेले, शंभराहून जास्त माध्यमसंस्थांना वाटले, महिनोन्महिने सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं आणि ३ एप्रिल २०१६ ला सगळीकडे एकाच वेळी बातमी फुटली. पँडोराच्या वेळी तर ११७ देशांतले ६०० च्या वर पत्रकार होते. सरकारांना असं एकत्र काम करायला तह लागतो, मग तहाला मंजुरी लागते, मग मंजुरीनंतर कायदा लागतो. इथे पत्रकारांनी ते आधी करून दाखवलं, आणि त्याचं फळ म्हणजे हा सर्च बॉक्स.

साइट उघडली की आधी एक सूचना समोर येते, ती वाचल्याची खूण केल्याशिवाय आत जाता येत नाही. लोक न वाचता टिक करून पुढे जातात. कृपया वाचा. त्यात लिहिलंय की ऑफशोअर कंपनी किंवा ट्रस्टचे कायदेशीर उपयोगही असतात आणि इथे नाव आहे म्हणजे त्या माणसाने काही गैर केलं असं आम्ही सुचवत नाही. हे शब्दशः घ्यायचं. दोन देशांतल्या पार्टनरांनी तिसऱ्या देशात जॉइंट व्हेंचर काढलं, जहाज विकत घ्यायला वेगळी कंपनी काढली, वारसांसाठी ट्रस्ट केला, अशी साधी कारणं भरपूर असतात. नाव दिसलं की लगेच चोर म्हणून मोकळं होणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

आता वापर. नाव टाइप केलं की निकाल वेगवेगळ्या टॅबमध्ये येतात, कंपन्या वेगळ्या, त्यांच्याशी जोडलेली माणसं वेगळी, कंपनी काढून देणारे मध्यस्थ वेगळे, पत्ते वेगळे. कंपनीच्या पानावर स्थापनेची तारीख, कुठे नोंदलीय, कुठल्या लीकमधून आली, आणि स्टेटस. स्टेटस बघायला विसरू नका, कारण बऱ्याच कंपन्या कधीच्या बंद झालेल्या असतात, फी थकली म्हणून रजिस्टरमधून काढून टाकलेल्या असतात, आणि अशी मेलेली कंपनी जर आज तुमच्या इन्व्हॉइसवर जिवंत दिसत असेल तर तो वेगळाच विषय आहे. मग खाली जाळं येतं, ठिपके आणि रेषा, ठिपक्यावर क्लिक केलं की पुढचे ठिपके उघडतात. रेषेवर लिहिलेलं असतं की नातं काय, शेअरहोल्डर, डायरेक्टर, बेनिफिशियरी (लाभार्थी), मध्यस्थ. मला हाच भाग सगळ्यात आवडतो कारण एरवी हे कळायला तीन देशांच्या तीन रजिस्टरांत तीन वेगळ्या भाषांत शोधावं लागतं आणि त्यातलं एक तरी बंदच असतं.

पत्त्याचा ठिपका मात्र जपून. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या रोड टाउन, टॉर्टोला इथला पोर्टकलिस ट्रस्टनेट चेंबर्स हा पत्ता बघा, त्याला ढीगभर कंपन्या चिकटलेल्या दिसतील आणि नवीन माणसाला वाटतं की बापरे, सगळे एकमेकांशी जोडलेले आहेत. तसं काही नसतं. तो कंपनी काढून देणाऱ्या फर्मचा पत्ता, सगळ्या गिऱ्हाइकांना तोच. केमन आयलंड्समधलं उगलंड हाउस हे असंच, २००८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी ऑडिट संस्थेने तपासलं तेव्हा त्या एका इमारतीच्या पत्त्यावर १८,८५७ कंपन्या-संस्था निघाल्या. पत्ता जुळणं हा पुरावा धरला तर निम्मं जग एकमेकांचं नातेवाईक निघेल. जुळायला हवं ते माणसाचं नाव, आणि त्या नावासोबत आणखी काहीतरी, घरचा पत्ता, तारीख, दुसरी कंपनी.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने एकदा करून बघावी. सर्चमध्ये ‘द बेअरर’ टाका. शेअरहोल्डर म्हणून माणसाचं नाव येतच नाही, येतं ‘द बेअरर’, आणि ते एकदा नाही, पानामागून पान येत राहतं. म्हणजे शेअरचा कागद ज्याच्या हातात तो मालक. तिजोरीतून कागद काढला, समोरच्याच्या हातात ठेवला, झाला मालक बदल, कुठे नोंद नाही, कुणाची सही नाही, पोलिसांनी रजिस्टर उघडलं तरी त्यात काही सापडणार नाही कारण तिथे काही लिहिलेलंच नाही. आता बऱ्याच ठिकाणी असल्या शेअरवर बंदी किंवा कडक बंधनं आलीत, पण ती पानं बघितल्यावर लाचेचे पैसे इतकी वर्षं का सापडत नव्हते हे ज्या जोराने समजतं तसं कुठल्याही ट्रेनिंगमध्ये समजत नाही. आमच्याकडे नवीन कुणी कामाला लागलं की मी आधी हे दाखवते.

आणि हे नुसतं बाहेरच्यांनाच कळत नव्हतं असं नाही. बातमी फुटल्यावर मोसॅक फोन्सेकाने स्वतःच आपल्या कंपन्यांचे खरे मालक कोण याचा शोध घेतला, तर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या त्यांच्या २८,५०० चालू कंपन्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त कंपन्यांचा खरा मालक त्यांना सांगता आला नाही. ज्यांनी कंपन्या काढून दिल्या, वर्षानुवर्षं फी घेतली, त्यांनाच मालक माहीत नाही! नावापुरते डायरेक्टर, त्यांच्यामागे दुसरी कंपनी, तिच्यामागे ट्रस्ट, ताकास तूर लागू द्यायचा नाही अशीच रचना. त्यामुळे या डेटाबेसमध्ये माणसाचं नाव दिसलं तरी तो खरा मालक असेलच असं नाही, आणि खरा मालक असेल त्याचं नाव दिसेलच असंही नाही.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो तारखांसाठी. पनामा पेपर्सचा डेटा २०१५ पर्यंतचा, बाकीच्या लीक्सचीही आपापली शेवटची तारीख आहे, आणि ती पानावर बारीक अक्षरात येते. ती लाल रंगात सगळ्यात वर यायला हवी. कारण काय होतं, माणूस २०११ मध्ये डायरेक्टर होता, २०१६ मध्ये सोडून गेला, आणि आज त्याचं नाव बघून कुणीतरी त्याचं कंत्राट अडवतं. दुसरी तक्रार अशी की मूळ कागद इथे नाहीत. ईमेल, बँक खाती, पासपोर्टच्या प्रती हे काही त्यांनी टाकलेलं नाही, आणि लोकांच्या खासगीपणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, मला पटतं, म्हणून त्याचे मार्क कापले नाहीत, पण वाचणाऱ्याने हे धरून चालावं की आपल्याला दिसतोय तो फक्त सांगाडा. पँडोरामध्ये १४ फर्मचे कागद होते, त्यातल्या काहींचीच माहिती डेटाबेसमध्ये आलीय. म्हणून ‘सर्च केलं, नाव नाही, म्हणजे क्लीन’ असा शेरा फाइलवर मारू नका. एवढंच लिहा की अमुक तारखेला अमुक स्पेलिंगने शोधलं, सापडलं नाही.

स्पेलिंगवरून आठवलं, हा डेटाबेस रोमन लिपीतला आहे, त्यामुळे अरबी, चिनी, रशियन किंवा आपल्याकडची नावं ज्याने जशी टाइप केली तशी पडलीत. मोहम्मद एकाच फाइलमध्ये चार तऱ्हेने सापडेल. आडनाव आधी, नाव नंतर, मधलं नाव गायब, सगळं करून बघायचं. आणि जन्मतारीख नसल्याने एकाच नावाची दहा माणसं असतील तर कुठलं आपलं हे इथून कळत नाही, इथेच घोडं पेंड खातं.

जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं ते कंपनीज हाउसवर, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी कंपनी रजिस्टरवर, आणि म्हणूनच मी दोन्ही शेजारी शेजारी उघडते. तिथेही सर्च फुकट, डायरेक्टर, जुने डायरेक्टर, हिशेबाची पत्रकं पीडीएफमध्ये, आणि २०१६ पासून ज्याच्याकडे २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा किंवा ताबा आहे त्याचं नाव द्यावं लागतं. वापरायला सोपी साइट, यात शंका नाही. पण कित्येक वर्षं तिथे कुणीही काहीही भरलं तरी ते तसंच छापलं जायचं, कारण भरलेलं खरं आहे का हे तपासायचा अधिकारच त्यांना नव्हता, आणि कंपनी निघायची १२ पौंडात. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ मध्ये सुमारे २०० अब्ज युरोचे जे व्यवहार झाले, ज्यातल्या मोठ्या भागावर नंतर संशय घेतला गेला, त्यात ब्रिटनमध्ये नोंदलेल्या भागीदारी संस्था भरपूर होत्या. २०२३ चा नवा कायदा आला, मार्च २०२४ पासून त्यांना शंकास्पद माहिती नाकारायचा अधिकार मिळाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरची ओळख पटवणं सक्तीचं झालं. जुन्या नोंदी वाचताना हा फरक डोक्यात ठेवा, २०१८ मध्ये भरलेलं नाव आणि आज भरलेलं नाव याला सारखं वजन देऊ नका.

युरोपमधल्या बाकी रजिस्टरांबद्दल सांगताना मला वाईट वाटतं. खऱ्या मालकांची रजिस्टरं सगळ्यांसाठी खुली झाली होती, आणि २२ नोव्हेंबर २०२२ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने लक्झेंबर्गच्या केसमध्ये सांगितलं की सर्वसामान्य लोकांना सरसकट प्रवेश देणं हे खासगी आयुष्याच्या हक्काच्या विरुद्ध आहे. त्यानंतर बऱ्याच देशांनी पटापट दारं लावून घेतली. २०२४ च्या नव्या नियमांत पत्रकार, संशोधक, संस्था यांना योग्य कारण असेल तर माहिती द्यायची सोय केलीय, पण माझ्यासारखीला सकाळी दहा वाजता एजंटचं नाव आलं आणि बाराला उत्तर द्यायचंय तर अर्ज करून वाट बघणं परवडत नाही. अमेरिकेत तर खऱ्या मालकाची माहिती सरकारला द्यायचा कायदा झाला आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्याच कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. अशा वेळी दहा वर्षं जुन्या लीकचा डेटाबेस सरकारी रजिस्टरपेक्षा जास्त कामाचा ठरतो, ही परिस्थिती चांगली नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. डेटाबेस देतो तो माग. पुरावा नाही. आणि माग आणि पुरावा यांच्यामध्ये जो रस्ता आहे तो देशांनी एकमेकांना मदत केली तरच पार होतो. पाकिस्तानचं उदाहरण घ्या, सगळ्यांना माहीत असलेलं. पनामा पेपर्समध्ये तेव्हाचे पंतप्रधान नवाज शरीफ यांच्या मुलांशी जोडलेल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या कंपन्या निघाल्या, नेस्कॉल आणि नील्सन एंटरप्रायझेस, ज्यांच्या नावावर लंडनचे फ्लॅट. सगळा गदारोळ फ्लॅटवरून. पण २८ जुलै २०१७ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना पदासाठी अपात्र ठरवलं ते फ्लॅटवरून नाही, दुबईच्या कॅपिटल एफझेडई नावाच्या कंपनीकडून येणं असलेला पगार निवडणुकीच्या अर्जात दाखवला नाही यावरून. ती कंपनी आणि तो पगार समोर आला तो संयुक्त तपास पथकाने दुबईच्या जेबेल अली फ्री झोनमधून आणलेल्या कागदांवरून. म्हणजे लीकने दार दाखवलं आणि आत जायची किल्ली परदेशातल्या ऑफिसच्या अधिकृत शिक्क्याच्या कागदात होती. त्याच तपासात कुटुंबाने दिलेला २००६ ची तारीख असलेला एक दस्त कॅलिब्री फॉन्टमध्ये निघाला, जो फॉन्ट सर्वसामान्यांना २००७ मध्ये मिळाला, आणि हे सांगितलं ब्रिटनमधल्या तज्ज्ञाने. पुढे फ्लॅटच्या खटल्यात २०१८ मध्ये शिक्षा झाली आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इस्लामाबाद हायकोर्टाने निर्दोष सोडलं, तेही इथे सांगायलाच हवं. डेटाबेसमधली ती पानं मात्र तेव्हापासून आजपर्यंत जशीच्या तशी आहेत, निकाल काहीही लागला तरी ती बदलत नाहीत, कारण ती निकाल नाहीतच.

आइसलंडमध्ये उलट झालं, तिथे कोर्टाची गरजच पडली नाही. पंतप्रधान गुनलाउगसन यांनी विंट्रिस नावाच्या कंपनीतला आपला अर्धा हिस्सा ३१ डिसेंबर २००९ ला बायकोला एका डॉलरला विकला होता, नवा नियम लागू व्हायच्या आदल्या दिवशी. बातमी आल्यावर लोक रस्त्यावर आले आणि दोन-तीन दिवसांत ते पायउतार झाले. राजकारणात माग पुरतो, खटल्यात पुरत नाही.

सरकारंही या लीकच्या मागे धावली. आयसीआयजे आपला मूळ डेटा सरकारांना देत नाही, पत्रकारांचं पोलिसांशी जेवढं अंतर असायला हवं तेवढं ते ठेवतात. म्हणून डेन्मार्कने २०१६ मध्ये आपल्या नागरिकांबद्दलचे कागद पैसे देऊन विकत घेतले, आणि २०१७ मध्ये जर्मनीच्या पोलिसांनी सुमारे ५० लाख युरो मोजून पनामा पेपर्स घेतले. नंतर आयसीआयजेनेच हिशेब मांडला त्यात २०२१ पर्यंत वेगवेगळ्या देशांनी मिळून १.३६ अब्ज डॉलरच्या वर कर आणि दंड वसूल केलेला होता. तरी पनामातल्या खटल्यात जून २०२४ मध्ये २८ च्या २८ आरोपी सुटले. वसुली झाली ती कर खात्यांनी आपापल्या घरात केली, मूळ गावात मात्र खटला टिकला नाही.

का टिकत नाही याचं उत्तर त्या मधल्या रस्त्यातच आहे. एका देशाच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाने दुसऱ्याला माहिती विचारायची तर एग्मॉन्ट ग्रुप या अशा विभागांच्या संघटनेचं सुरक्षित नेटवर्क आहे, १९९५ मध्ये ब्रसेल्समधल्या एग्मॉन्ट राजवाड्यात बैठक झाली म्हणून हे नाव, आणि तिथून उत्तर तुलनेने लवकर येतं. पण ती माहिती सहसा कोर्टात ठेवता येत नाही. कोर्टात ठेवायला औपचारिक विनंती लागते, सरकारकडून सरकारकडे, भाषांतर करून, कुठला गुन्हा, कुठलं कलम, कुठल्या खात्याची कुठली माहिती हवी हे नेमकं लिहून, आणि समोरच्याने मसुद्यात चूक काढली की फाइल परत. तेवढ्यात पैसा आणखी दोन देश पुढे गेलेला असतो आणि प्रकरणाचं भिजत घोंगडं होतं. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार या बाबतीत चांगला आहे, २००३ मध्ये झाला, डिसेंबर २००५ पासून लागू, जवळजवळ सगळे देश त्यात आहेत. कलम ४६ मध्ये साफ लिहिलंय की बँकेची गुप्तता हे कारण देऊन मदत नाकारता येणार नाही. कागदावर यापेक्षा जास्त काय हवं? अंमलात मात्र दोन्ही बाजूला फोन उचलणारा, केस समजणारा माणूस लागतो.

तो असला की काय होतं ते एअरबसच्या केसमध्ये दिसलं. फ्रान्स आणि ब्रिटनच्या तपास यंत्रणांनी २०१७ मध्ये संयुक्त पथक केलं, मध्यस्थ आणि ‘सल्लागार’ यांना विमानं विकण्यासाठी दिलेले पैसे देशोदेशी शोधले, आणि ३१ जानेवारी २०२० ला फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका तिघांनी एकाच दिवशी तडजोडी जाहीर केल्या, एकूण ३.६ अब्ज युरो. दंड आपसात वाटून घेतला. मी एजंटांच्या फाइली बघते त्यामुळे मला ही केस पाठ आहे, त्यात लाच हा शब्द इन्व्हॉइसवर कुठेच नसतो, असतं ते ‘मार्केट स्टडी’ आणि ‘सल्ला शुल्क’.

आता सुरुवातीला म्हटलेल्या दुसऱ्या यादीबद्दल. वर्ल्ड बँकेची काळी यादी ही माझी रोजची दुसरी साइट. अपात्र ठरवलेल्या कंपन्या आणि माणसं, पत्ता, देश, कधीपासून कधीपर्यंत, कारण. साधं टेबल, सर्च चालतो, फुकट. हिची ताकद म्हणजे एप्रिल २०१० चा करार, त्यात वर्ल्ड बँक, आशियाई विकास बँक (एडीबी), आफ्रिकन विकास बँक, युरोपची ईबीआरडी आणि अमेरिका खंडाची आयडीबी यांनी ठरवलं की एकीने एक वर्षाहून जास्त बंदी घातली तर बाकीच्या चौघीही ती पाळतील. कंपन्यांना तुरुंगापेक्षा या यादीची जास्त भीती वाटते असं मी स्वतः बघितलंय, यादीत नाव आलं की टेंडरचा अर्जच भरता येत नाही. हिला पाचपैकी साडेचार.

पण हिचीही मर्यादा बघा. बांगलादेशच्या पद्मा पुलासाठी मंजूर केलेलं १.२ अब्ज डॉलरचं कर्ज बँकेने २०१२ मध्ये लाचेच्या कटाचा संशय धरून रद्द केलं, २०१३ मध्ये कॅनडाच्या एसएनसी-लॅव्हलिन या इंजिनीअरिंग कंपनीवर आणि तिच्या शंभरावर उपकंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली, म्हणून काही वर्षं त्या यादीत कॅनडाच्या कंपन्यांची रांगच लागलेली दिसायची. तिकडे कॅनडात या कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. आरोपींनी बँकेच्या तपासनीसांचे मूळ कागद मागितले, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की बँकेला आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून संरक्षण आहे, कागद द्यावे लागणार नाहीत, आणि २०१७ मध्ये फोन टॅपिंगचा पुरावाच कोर्टाने बाजूला काढल्यावर सगळे सुटले. पूल बांगलादेशाने स्वतःच्या पैशाने बांधला, जून २०२२ मध्ये सुरू झाला. बँकेला बंदी घालायला जेवढा पुरावा पुरतो तेवढा फौजदारी कोर्टाला पुरत नाही, हे या यादीतलं कुठलंही नाव बघताना लक्षात ठेवायचं. यादीतल्या कंपनीशी व्यवहार करू नका हे बरोबर, पण तिला गुन्हेगार म्हणून लेखी मेल पाठवू नका.

गेलेला पैसा परत आणायला किती वेळ लागतो हे बघायचं असेल तर नायजेरियाचा लष्करी हुकूमशहा अबाचा बघा. तो १९९८ मध्ये वारला. त्याने लुटलेल्या पैशातला एक हिस्सा, सुमारे ३२ कोटी डॉलर, परत द्यायचा करार स्वित्झर्लंड, नायजेरिया आणि वर्ल्ड बँक यांच्यात झाला २०१७ च्या डिसेंबरमध्ये, त्याआधीही स्विसांनी बरंच परत केलं होतं हे मान्य. यावेळचा पैसा गरीब कुटुंबांच्या खात्यात थेट द्यायचं ठरलं आणि त्यावर देखरेख ठेवली, नाहीतर परत आलेला पैसा पुन्हा गायब व्हायची भीती असतेच. मधल्या काळात ज्या मुलांच्या शाळेचा, दवाखान्याचा तो पैसा होता ती मुलं मोठी होऊन गेली. मला याचा राग येतो, आणि म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये इंटरपोलने मालमत्ता शोधण्यासाठी सिल्व्हर नोटीस सुरू केली तेव्हा बरं वाटलं, सुरुवातीला ५२ देश-प्रदेशांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, पहिली नोटीस इटलीच्या विनंतीवरून निघाली. माणसासाठी रेड नोटीस इतकी वर्षं होती, पैशासाठी आत्ता कुठे आली.

वापरणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. तुमच्याकडे सप्लायरची लांबलचक यादी असेल तर एकेक नाव टाइप करत बसू नका, ऑफशोअर लीक्सचा सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये) डाउनलोड करता येतो, आणि ओपनरिफाइन हे फुकट सॉफ्टवेअर त्यांच्या साइटला जोडून अख्खी यादी एका फटक्यात जुळवून घेता येते. प्रत्येक मॅचला स्कोअर येतो, वरचे सगळे खरे धरू नका आणि खालचे सगळे खोटे धरू नका, मधले हाताने बघा. डेटा वापरला तर लायसन्सच्या अटी दोन: त्यांचं नाव द्यायचं आणि बदललेला डेटा पुढे त्याच अटीवर खुला ठेवायचा.

आणि मॅच खरा वाटला तर सप्लायरला आरोप करणारा मेल न पाठवता साधं विचारा: कंपनीचा आजचा खरा मालक कोण, कुणाचा किती हिस्सा, ही अमुक नावाची कंपनी तुमच्याशी कधी संबंधित होती का आणि आता तिचं काय झालं, आमचे पैसे कुठल्या देशात कुणाच्या नावाच्या खात्यात जाणार. प्रामाणिक माणूस दोन दिवसांत कागद पाठवतो, बऱ्याचदा कंटाळून पण पाठवतो. जिथे काम एका देशात, कंपनी दुसऱ्या देशात आणि खातं तिसऱ्याच देशात तिसऱ्याच नावाने निघेल तिथे उत्तर कितीही गोड आलं तरी पेमेंट थांबवून फाइल आधी आपल्या कायदा विभागाकडे द्या.